सहा वेटचा तयार फ्लाय संच : शहराजवळच्या नदीवर कितपत चालतो

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसं-दोऱ्यांनी बांधलेल्या नकली आमिषाने, फ्लायने, मासे धरणं. त्याच्या तयार संचात एका लांबट डब्यात सगळं मिळून येतं: ९ फुटी, चार तुकड्यांचा ६ वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड, त्याला जुळणारा रील, बॅकिंगसकट (लाइनमागची राखीव दोरी) गुंडाळलेली तरंगती लाइन आणि टोकाला एक लीडर (लाइन आणि फ्लाय यांमधला निमुळता धागा). डब्यावर बहुधा डोंगरातल्या थंड, नितळ ओढ्याचं चित्र असतं. ज्या पाण्यासाठी हे परीक्षण लिहिलं आहे ते तसं नाही. ही नदी शहराला खेटून वाहते, काठ बांधलेले, वर पूल, मध्येच एखादा बंधारा, कडेला पाणवनस्पती, तळाला गाळ आणि गाळात काय काय अडकलेलं. मासळी मिश्र. त्या त्या भागाप्रमाणे कार्प, चिलापी, बास, मरळ, कॅटफिश यांतलं काहीही एकाच सकाळी फ्लायला तोंड लावू शकतं. अशा पाण्यावर हा तयार संच घ्यावा का?

घ्यावा. पण डब्यातल्या चारही वस्तू सारख्या कामाच्या नाहीत. रॉड चांगला असतो, रील चालून जातो, लाइन बहुतेक वेळा बदलावी लागते आणि लीडर पहिल्याच दिवशी काढून ठेवावा. हातात थोडे जास्त पैसे असतील तर महागडा रॉड घेऊ नका, ते लाइनवर घाला.

आधी ६ वेटच का, ते पाहू. इतर गळामध्ये फेकीचं वजन शिशात किंवा चमच्यात असतं; इथे ते लाइनमध्ये असतं आणि फ्लाय नुसती तिच्यामागून जाते. म्हणून लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन प्रमाणित केलेलं आहे: ५ वेटला १४० ग्रेन (वजनाचं एक लहान माप), ६ वेटला १६०, ८ वेटला २१०. ग्रॅममध्ये साधारण ९.१, १०.४ आणि १३.६. पाच आणि सहामधला फरक सव्वा ग्रॅमच्या आसपासचा आहे, पण भिजून जड झालेली ४ नंबरची (नंबर लहान तितका गळ मोठा) केसाळ फ्लाय वाऱ्यात पुढे न्यायची वेळ आली की तो हाताला कळतो. ८ वेट ती फ्लाय लीलया नेईल, मात्र तळहाताएवढी चिलापी लागली तर तो रॉड धड वाकणारही नाही, आणि उथळ पाण्यात १४ नंबरची निम्फ (पाण्यातल्या अळीसारखी फ्लाय) टाकताना जड लाइन इतकी आपटते की चरणारे कार्प पांगतात. ६ वेटवर १४ ते ४ नंबरपर्यंतच्या फ्लाय चालतात. सकाळी नेमकं कोण खायला लागलं आहे हे पाण्याजवळ जाऊनच कळतं, अशा नदीसाठी इतकी मोकळीक दुसऱ्या कुठल्याच वेटमध्ये मिळत नाही.

रॉड मध्यम-वेगवान ॲक्शनचा घ्यावा. फार कडक, फक्त टोकाकडे वाकणारा रॉड लांब फेकीला बरा. पण शहरी नदीत बहुतेक मासे १० ते १५ मीटरच्या आत लागतात आणि तेवढ्या अंतरावर कडक रॉडमध्ये लाइनचं वजन भरतच नाही. नवशिक्याला मग वाटतं की आपला हात चुकतोय. दुकानात चार तुकडे जोडून पाहा. जोड बसवताना गाइड (लाइन ज्यांतून जाते त्या कड्या) एकमेकांपासून पाव वळसा फिरवलेले ठेवायचे, हलका दाब देत तुकडे आत सरकवायचे आणि सरकवता सरकवता गाइड एका रेषेत आणायचे. नीट बसलेल्या जोडात टकटक लागत नाही. स्वस्त संचांमध्ये मधल्या जोडाची बैठक कधी ढिली असते. असा रॉड शंभर फेकींनंतर तिथेच सुटतो किंवा तिथेच चिरतो, कारण वाकण्याचा सगळा ताण त्या दोन-तीन सेंटीमीटरवर येतो. थोडं मेण चोळल्याने बसलेला जोड टिकून राहतो, पण मुळात सैल असलेला जोड मेणाने बरा होत नाही. रीलची कडी खालून वर आवळणारी असावी आणि मुठीच्या मागे बोटभर लांबीचा फायटिंग बट असला तर उत्तम. तीन किलोचा कार्प धावला की तो पोटाला टेकवता येतो आणि रीलचं चाक कपड्यांत अडकत नाही.

रीलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. या संचांतला रील बहुधा साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. दगडावर पडला तर कडा वाकते आणि चाक घासायला लागतं, एवढंच जपायचं. डिस्क ड्रॅग (मासा लाइन ओढत असताना चाकाला लागणारा ब्रेक) असावा, नुसता टिकटिक करणारा नको. ड्रॅग किती घट्ट होतो यापेक्षा तो सुटतो कसा हे तपासा: हाताने लाइन ओढली की पहिल्या क्षणी झटका न बसता चाक सरळ फिरायला हवं. झटका बसला तर कार्पच्या पहिल्याच धावेत टिपेट (लीडरचा शेवटचा बारीक तुकडा) तुटणार. बॅकिंग २० पौंडी डेक्रॉनचं ७० ते ९० मीटर पुरे. सगळं भरल्यावर कडेपासून ५-६ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. तयार गुंडाळून आलेल्या संचात कधी कधी बॅकिंग सैल असतं आणि मोठा मासा ओढायला लागला की वरचा फेरा खालच्यात रुततो. ते घरी सगळं उलगडून, ताण देत पुन्हा गुंडाळून घ्यावं. डाव्या हाताने फिरवायचा की उजव्या तेही तेव्हाच ठरवा, कारण हात बदलला की ड्रॅगची दिशाही उलटवावी लागते आणि लाइन पुन्हा गुंडाळावी लागते.

आता लाइन. संचाचा खरा कस इथेच लागतो.

तयार संचात बहुतेक वेळा थंड पाण्यासाठी बनवलेली, लांब आणि नाजूक निमुळत्या टोकाची लाइन असते. छोट्या कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, फ्लायसाठी ती गोड आहे. शहराजवळच्या नदीवर दोन ठिकाणी कमी पडते. पहिलं, जड फ्लाय. टोक इतकं बारीक असतं की शिशाचे डोळे लावलेली फ्लाय त्या टोकाला वळवता येत नाही. लाइन सरळ होते आणि फ्लाय मागे लोंबकळत धपकन पडते. दुसरं, जागा. मागे भिंत, झाडं, पायवाट, माणसं. बॅककास्टला, म्हणजे लाइन मागे फेकायला, २० फूट मिळाले तरी नशीब. तिथे पुढच्या भागात वजन एकवटलेली, छोट्या हेडची (हेड म्हणजे लाइनचा पुढचा जाड, जड भाग) वेट-फॉरवर्ड लाइन लागते, जी एक-दोन आंदोलनांत रॉड भरते आणि १२ मीटर सुटते. अशा लाइनी प्रमाणित वजनापेक्षा बहुधा अर्धा किंवा एक वेट जड असतात. डब्यावर हेडची लांबी आणि ग्रेनमधलं वजन छापलेलं असतं, ते वाचून घ्या. मध्यम-वेगवान रॉडला अर्धा वेट जड लाइन मानवते. पूर्ण वेट जड घातली तर लांब फेकीत रॉड ढेपाळतो.

उष्णतेचाही मुद्दा आहे, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. थंड पाण्याच्या लाइनचा गाभा आणि वरचा थर मऊ असतो. कडक उन्हात ती चिकट, लिबलिबीत होते, गाइडला धरून बसते, सुटत नाही. उष्ण हवेसाठी बनवलेल्या लाइनचा गाभा ताठ असतो; ती उन्हात झकास चालते, पण थंडीत तिची रीलच्या आकाराची वेटोळी होतात आणि कितीही ताणली तरी सरळ होत नाहीत. तेव्हा वर्षातले जास्त दिवस कशा हवेत मासेमारी करणार हे आधी ठरवून लाइन घ्यावी. दोन्हीसाठी एकच लाइन चालेल असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नये.

शहरी पाण्यात तेलकट मळ आणि बारीक शेवाळ असतं. दोन-तीन तासांत लाइनवर त्याचा थर बसतो, फेक आखडते, टोक बुडायला लागतं. लोक अशा वेळी हाताला दोष देतात किंवा नवी लाइन घेतात. घरी कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून लाइन त्यात सोडायची, मऊ कापडातून ओढून घ्यायची, साध्या पाण्याने धुवायची. दर दुसऱ्या फेरीला एवढं केलं तर मध्यम दर्जाची लाइनसुद्धा नव्यासारखी सुटते. डास पळवणाऱ्या मलमात डीट असेल तर ते लावलेल्या हाताने लाइनला शिवूही नका, त्याने प्लॅस्टिकचा थर विरघळतो. मलम हाताच्या मागच्या बाजूने लावावं.

लीडर. संचात येणारा बहुधा ९ फुटी, ५एक्स. एक्सचा हिशेब सोपा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, जे उरेल तितके सहस्रांश इंच जाडी. म्हणजे ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, ०.१५ मिलिमीटर. ट्राउटला ठीक. इथे मात्र तो पुलाच्या खांबाला एकदा घासला की संपला, आणि ४ नंबरची फ्लाय दहा फेकींत त्याला दोरीसारखा पीळ घालते. फ्लायच्या नंबराला तीनाने भागलं की कामापुरतं टिपेट कळतं: ६ नंबरला २एक्स, १२ नंबरला ४एक्स. मिश्र मासळीच्या नदीवर मी या हिशेबातून आणखी एक पायरी जाड जायला सांगेन, कारण पाणी गढूळ असतं, मासा टिपेट न्याहाळत नाही आणि तळाला अडकण्यासारखं खूप असतं.

लीडर घरी बांधणं सोपं आणि स्वस्त. ०.५० मिलिमीटरचं १ मीटर, ०.४० चं ६० सेंटीमीटर, ०.३३ चं ३० सेंटीमीटर आणि शेवटी ०.२८ चं, म्हणजे ०एक्सचं, ६० सेंटीमीटर. एकूण अडीच मीटर. जोडांना ब्लड नॉट किंवा सर्जन नॉट ही गाठ, आवळण्याआधी थुंकीने ओला करायचा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमकुवत होतं. निम्फसाठी याच्याच टोकाला ३एक्सचं अर्धा मीटर जोडावं. तळाशी खेळायचं असेल तर शेवटचा तुकडा फ्लुरोकार्बनचा घ्या, तो नायलॉनपेक्षा जड असतो आणि खरचटण्याला जास्त टिकतो. पृष्ठभागावरच्या फ्लायला मात्र नायलॉनच, नाहीतर टोक खाली ओढलं जातं. दातवाला मासा असलेल्या पाण्यात शेवटी ३० सेंटीमीटर बारीक तार किंवा ०.६० मिलिमीटरचा जाड तुकडा लावल्याशिवाय फ्लाय पाण्यात टाकू नये. फ्लाय तुटते याहून वाईट म्हणजे मासा ती तोंडात घेऊन जातो.

काही संचांबरोबर दहा-बारा फ्लायची डबी फुकट येते. त्यातल्या बहुतेक बारीक कोरड्या फ्लाय असतात. त्या बाजूला ठेवून चार प्रकार भरावेत. वूली बगर, काळा आणि ऑलिव्ह, ६ आणि ८ नंबर, मानेशी थोडी तार गुंडाळलेला: जळू, चिंगूळ, अळी, बारीक मासा, काहीही वाटू शकतो, म्हणून अनोळखी पाण्यात सुरुवात यानेच करावी. क्लाउझर मिनो, ४ आणि ६ नंबर, पांढरा-चंदेरी: बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात ससक्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी ही बांधली. धातूचे डोळे गळाच्या दांडीवर अशा बाजूला बांधलेले असतात की फ्लाय पाण्यात उलटी होऊन गळाचं टोक वर राहतं. बंधाऱ्याखालच्या दगडांत आणि बुडालेल्या कचऱ्यात ती बाकी फ्लायपेक्षा कितीतरी कमी अडकते. तिसरी, मणी लावलेली निम्फ, १२ आणि १४ नंबर, चिलापी आणि लहान कार्पसाठी. चौथी, फोमचा भुंगा किंवा छोटा पॉपर (पाण्यावर ओढताना आवाज करणारी फ्लाय), ८ नंबर, संध्याकाळच्या वेळेला. सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीने दाबून घ्या. मासा सोडवायला सोपं जातंच, पण पायवाटेवरून जाणाऱ्या कुणाला गळ लागला तर तोही सहज निघतो.

पाण्यावर हा संच सगळ्यात शोभून दिसतो तो कार्पवर. उथळ, गाळाच्या कडेला शेपूट वर करून चरणारा किंवा बुडबुडे सोडणारा कार्प शोधायचा. बुडबुडे एकाच जागी येत असतील तर तो बहुधा गाळातला वायू. रेषेत पुढे सरकत असतील तर मासा. फ्लाय त्याच्या पलीकडे आणि एक मीटर पुढे टाकायची, लाइन ओढत फ्लाय त्याच्या वाटेवर आणायची आणि तोंडापासून हातभर अंतरावर आली की सोडून द्यायची, तळाला बसू द्यायची. डोक्यावर टाकलेली फ्लाय म्हणजे पळालेला मासा. कार्प फ्लाय ओढत नाही, शोषून घेतो आणि लगेच थुंकतो, त्यामुळे हाताला झटका लागायची वाट पाहिली तर उशीर होतो. डोकं वळलं, ओठ उघडले, पाठ थांबली, यांतलं काही दिसलं की लाइन सरळ मागे ओढायची. त्यासाठी पोलराइज्ड चष्मा हवाच. तपकिरी किंवा तांबूस काच गढूळ पाण्याला बरी.

धाव सुरू झाली की रॉड आडवा, पाण्याजवळ ठेवून बाजूने ताण द्यावा. ड्रॅग टिपेटच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्श्यावर. जवळ आलेल्या माशासाठी रॉड खांद्यामागे नेऊ नका; तेव्हा सगळा भार टोकाच्या बारीक तुकड्यावर येतो, आणि ६ वेटचे रॉड मोडतात ते बहुधा असेच, जाळ्यापासून दोन फुटांवर.

चिलापीला हा रॉड जरा जड वाटेल, पण ४एक्सवर छोटी निम्फ संथ ओढली की मजा कमी होत नाही. बास आणि इतर शिकारी माशांसाठी पुलाच्या खांबांची सावली आणि खांबामागचं संथ पाणी धरावं: फ्लाय खांबाच्या वरच्या अंगाला टाकायची, प्रवाहाने ती सावलीच्या कडेने खाली येऊ द्यायची, मग २० सेंटीमीटरच्या झटक्यांनी ओढायची. इथे मासा लागल्यावर रॉड उचलण्याची सवय नडते. रॉड पाण्याकडेच रोखून डाव्या हाताने लाइन खेचा; चुकलं तरी फ्लाय माशासमोरच राहते आणि तो पुन्हा येतो. कॅटफिशला अंधार पडताना काळा बगर तळावरून अगदी सावकाश.

मरळीपाशी मात्र या संचाची हद्द संपते. उघड्या पाण्यात एक-दीड किलोची मरळ ६ वेटवर येते. ती बहुतेक वेळा पाणवनस्पतींतून येते, लागली की त्यातच घुसते, आणि तिला डोकं फिरवायला लावण्याइतकी ताकद या रॉडच्या खालच्या भागात नसते. तिच्यासाठी ८ वेट, जाड टिपेट आणि गवतात न अडकणारा फोमचा बेडूक. पिल्लांचा लाल थवा सांभाळणारी जोडी दिसली तर तिथे फ्लाय टाकूच नका. पालक उचलला की पिल्लं काही मिनिटांत दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. तीन मीटरहून खोल पाणी आणि जोराचा समोरचा वारा या आणखी दोन ठिकाणी तरंगत्या लाइनचा हा संच हतबल आहे.

फेकीच्या जागेबद्दल. मागे अडथळा असेल तर रोल कास्ट, म्हणजे लाइन हवेत मागे न नेता केलेली फेक. तो गवतावर शिकता येत नाही, कारण लाइनला पाण्याची पकड लागते. लाइन सावकाश मागे ओढून कानामागे तिची कमान होऊ द्यायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे थांबवून झटका. फार छोट्या हेडच्या लाइनीने रोल कास्ट १० मीटरपलीकडे कोसळतो. हेड रॉडच्या बाहेर गेलं की मागची बारीक लाइन ते वजन फिरवू शकत नाही. त्यामुळे नेहमीची जागा भिंतीला लागून असेल तर थोडं लांब, ३५ ते ४० फुटांच्या हेडची लाइन घ्या.

आणि वर पाहा. हे रॉड कार्बनचे असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. नदी ओलांडणाऱ्या विजेच्या तारांखाली ९ फुटी ओला रॉड उभा करणं म्हणजे जिवाशी खेळ. गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून काठ सोडायचा. जोराच्या पावसानंतर शहरातलं पाणी काँक्रीटवरून थेट नदीत उतरतं, पातळी बघता बघता चढते आणि त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. पुढचे दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नये, हाताला जखम असेल तर काठावरूनही नाही. एरवीही पायात जाड तळव्याचे बूट हवेत, तळाला काच असतेच. बंधाऱ्याच्या पायथ्याशी फेसाळणाऱ्या पाण्यात पाऊल टाकू नका. ते पाणी उलटं फिरतं आणि पोहणाऱ्यालाही बाहेर सोडत नाही. मासे तसेही त्या फेसात कमी आणि फेस संपतो तिथल्या कडेला जास्त असतात.

उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून सोडायचा मासा लवकर आत घ्यावा. जाड टिपेट वापरायला सांगण्याचं हेही एक कारण. रबरी जाळं, ओले हात, मासा पाण्याबाहेर जितका कमी तितका बरा.

घरी ५ वेटचा रॉड आधीपासून असेल तर फक्त या नदीसाठी हा संच घेऊ नका. त्यावर अर्धा वेट जड, छोट्या हेडची लाइन आणि वर सांगितलेला लीडर चढवा. ६ नंबरपर्यंतच्या फ्लाय निघतील. त्या पैशांत दुसरं स्पूल (रीलचं लाइन गुंडाळायचं चाक) घेऊन त्यावर १० ते १५ फूट बुडणाऱ्या टोकाची लाइन भरली तर बंधाऱ्याखालचा खोल डोहही हाताशी येतो. त्या लाइनला लीडर आखूड, मीटर-सव्वामीटरचाच लावायचा. ९ फुटी लावला तर लाइन तळाला जाते आणि फ्लाय वरच राहते.